मशीन बंद, पाणी चालू

आमच्या गल्लीत पितांबर मिस्त्रीला सगळे भित्रा म्हणायचे. मीही म्हणायची, आणि तोंडावर म्हणायची. पाठीमागं बोलायची मला सवय नाही, आणि त्याला ऐकून घ्यायची सवय होती.

कपडे धुवायची मशीनं दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. मूळचा एरंडोलकडचा, पण बरीच वर्षं यावलकडं केळीच्या बागांत ठिबकच्या नळ्या टाकायचं काम केलेलं. माझं माहेर यावलचं, म्हणून आमचं जमलं. वय चाळीस-बेचाळीस, अंगानं पऱ्हाटीची, म्हणजे वाळल्या कपाशीची काडी. मशीनला हात लावायच्या आधी त्याचं एक ठरलेलं असायचं. आधी जिन्याखाली मीटरपाशी जायचं. खटका खाली ओढायचा. मग किटकॅट उपसायचा, म्हणजे चिनी मातीचा तो पांढरा फ्यूज, आणि शर्टाच्या खिशात टाकायचा. वर आला की माझा लाकडी पाट मागायचा आणि त्यावर उभं राहून काम करायचा.

"काहून रे, मशीन दुरुस्त करायले आला का पुजायले?" मी विचारायची.

"आक्का, खटका कोणी बी वर करी देस. किटकॅट मना खिसामा शे, तोवर कोणाच्या बापाच्यानं करंट येत नाही."

असं का, ते त्यानं एकदा चहा पिताना सांगितलं. त्याचा मोठा भाऊ छगन विहिरीवरच्या मोटारीची वायर जोडत होता, ओल्या चिखलात उभा राहून. खटका पाडलेला होता. पण तिकडं खोलीत मालकाच्या माणसाला वाटलं, लाइट गेली आणि खटका आपोआप पडला. त्यानं वर केला. पितांबर तिथून वीस पावलांवर केळीचं पाणी बदलत होता. "वीस पावलं, आक्का. मी मागून मोजली," एवढंच बोलला आणि बशी उचलून फुर्रकन चहा प्यायला. त्या दिवशी मी त्याला भित्रा म्हटलं नाही. पुढच्या खेपेला पुन्हा म्हटलं. माणसाची जीभ, तिला काय लक्षात राहतं.

आता मशीनचं सांगते.

माझा नातू पियुष, त्याची बायको ज्योत्स्ना, त्यांची अडीच वर्षांची भाविका आणि मी, असे चौघं आम्ही जळगावात पहिल्या मजल्यावर राहतो. आमच्याकडं नळ तिसऱ्या दिवशी येतो, आणि आला तरी दोन तास. मग त्या दोन तासांत सगळ्या घरांचं एकच चालतं: टाकी भरा, पिंप भरा, हंडे भरा आणि साठलेले कपडे धुऊन काढा. नळाला मोटार जोडलेली असते, मोटारीचा पाइप त्या दिवशी थेट मशीनला. टाकीचं पाणी पुरवून वापरायचं असतं, म्हणून धुणं नळाच्याच पाण्यात. पुरुष कामाला जातात, सुना नोकरीला जातात, आणि नळाचा दिवस आम्हा म्हाताऱ्यांच्या वाट्याला येतो.

मशीनमध्ये पाणी फार हळू यायचं. पाइप लागतो तिथं बारीक जाळी असते, तिच्यात रेती-गाळ अडकायचा. पितांबर महिन्याला यायचा, पक्कडीनं जाळी ओढून काढायचा, जुन्या ब्रशनं घासायचा आणि परत बसवायचा. शिवरात्रीच्या सुमाराला मी म्हटलं, "काढूनच टाक ना ती. मुंगीच्या पावलानं पाणी येते. कपडे भिजेपर्यंत नळ निघून जाते."

"नको आक्का. ठिबकले गाळणी नाही त ठिबक मेलं. तसंच हे."

"हे काय केळीचं वावर आहे? जाळीलेही भेतो का आता तू?"

शेजारच्या दोघी दारात उभ्या होत्या, त्या हसल्या. पितांबरचं तोंड उतरलं. त्यानं जाळी काढली आणि खिडकीत ठेवली. त्या दिवशी मशीन भराभर भरलं. मी गल्लीभर सांगत फिरले. मग काय, "कुंदाबाईची काढली, आमची का नाही?" म्हणून त्याला जो तो धरायला लागला. अकरा घरांतल्या जाळ्या निघाल्या, आणि त्या अकराही माझ्या जिभेनं काढल्या.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, होऊन आठवडा झाला होता. उन्हानं भिंती तापलेल्या. सकाळी नळ आला, मी मोटार लावली, मशीन लावलं. ज्योत्स्ना पतपेढीत गेली होती, पियुष पाचोऱ्याला. भाविका खेळून दमली, तिला मधल्या खोलीत पलंगावर निजवलं आणि कूलर लावला. कूलरची वायर पुरत नाही म्हणून खाली फरशीवर एक बोर्ड ठेवलेला असतो, त्यात ती खोचलेली. मशीन त्या खोलीच्या पलीकडं, मोरीच्या तोंडाशी. मोटारीचं बटनही तिकडंच. मी पुढच्या खोलीत गवार मोडत बसले. मधली खोली पुढच्या खोलीपेक्षा दोन बोटं खाली आहे. बांधणाऱ्यानं काय विचार केला, त्यालाच ठाऊक.

कपडे धुऊन झाल्याची मशीनची शिट्टी मी ऐकली. गवार संपवली. मग वाटलं, कपडे काढावे. उंबऱ्याशी आले तर मधली फरशी चकचक करत होती. क्षणभर वाटलं, कोणी पुसली की काय. मग पाहिलं, माझी चप्पल तरंगत होती.

मशीनच्या झाकणाखालून पाणी ओघळत होतं. मशीनचा एकही दिवा लागलेला नव्हता. काम संपवून ते गप्प झालं होतं, आणि तरी त्याच्या पोटात पाणी चढतच होतं. बंद मशीन पाणी पिऊन ओकत होतं म्हणा. माझ्या अंगावर काटा आला. मोरीच्या जाळीवर कपडा आडवा पडला होता, म्हणून सगळं पाणी खोलीत.

मी पाय टाकला. अंगठा पाण्याला लागला आणि पोटरीपर्यंत मुंग्या चढल्या. नुसत्या मुंग्या नाही, कोणी आतून शीर धरून ओढल्यासारखं. मी मागं फेकली गेले, चौकटीवर डोकं आपटलं. मग बोर्ड दिसला. त्याची एक बाजू पाण्यात होती आणि कूलर घुरघुरत चालू होता.

पलंगावर भाविका निजलेली होती. आमची भाविका जागी झाली की रडत नाही, हाक मारत नाही. पोटावर पालथी होते, पाय खाली सोडते आणि उतरते. सगळ्यांना कौतुक. त्या दिवशी मला त्या कौतुकानं घाम फुटला.

फोनवर चार नंबर दाबला की पितांबरला लागतो, असं पियुषनं करून दिलेलं. माझं बोट तीनदा चुकलं.

"पितांबर, पाणी, पाणी घुसलं रे. बोर्डात. पाय टाकला तर झिणझिण्या. पोरगी पलंगावर आहे पल्याड!"

त्यानं मला पुढं बोलूच दिलं नाही.

"आक्का, पाणीमा पाय टाकू नका. पोरगीकडे जाऊ नका."

"अरे ती उठीन!"

"तुम्ही गेल्या त दोघी जाशाल. खाली जा. खटका पाडा. मी पिंप्राळ्याला शे, चार-पाच मिनिटं लागतीन. जा आक्का, जा!"

सांगायला सोपं. खाली जायचं म्हणजे पोरीकडं पाठ करायची. इथं उभी राहिले तर ती उतरताना ओरडून थांबवीन तरी, असं वाटत होतं. पण अडीच वर्षांचं पोर झोपेतून उठून कोणाचं ऐकतं? उलट पणजी दिसली की धावत येईल. मी दारात उभी आहे, हेच तिच्यासाठी वाईट. हे डोक्यात आलं, आणि मी वळले.

जिना कसा उतरले, सांगता येत नाही. जिन्याखाली मीटरची फळी, तिच्यावर सहा मीटर, सहा लोखंडी खटके. कोणावर नाव नाही. पितांबर दर वेळी आमचाच पाडायचा, पण मी कधी खाली येऊन पाहिलं होतं? माझं काम वर बसून टोमणे मारायचं. आमचा कोणता? पहिला? शेवटचा? वर काही वाजलं असं वाटलं. मी डावीकडून सुरू केलं आणि सहाच्या सहा खाली ओढले. शेवटच्याला दोन्ही हातांनी लोंबकळले.

सगळी बिल्डिंग गप्प झाली. पंखे थांबले, आमच्या मोटारीचा आवाजही बसला. खालच्या सुगंधाबाईंचा मिक्सर मधेच मेला आणि त्या ओरडल्या, "झालं! गेली लाइट, चटणी अर्धीच राह्यली!"

त्यांना सांगायला मी थांबले नाही. हीच माझी दुसरी चूक. मी वर पळाले.

भाविका पाण्यात उभी होती. घोट्यापर्यंत पाणी, आणि तळहातानं फटाफट मारत होती. मला पाहून हसली. "आजी, नदी." ती कधी उतरली? मी खटके पाडल्यावर, की आधी, बोर्डापासून लांब होती म्हणून वाचली? मला आजही माहीत नाही. विचार आला की मी देवाचं नाव घेऊन दुसऱ्या कामाला लागते.

मी पाण्यात उतरायला पाय उचलला, तो खालून आवाज आला. गिरधरभाऊंचा, म्हणजे सुगंधाबाईंच्या नवऱ्याचा.

"अगं, लाइट नाही गेली. कोणीतरी बठ्ठे खटके पाडीसन गेलं! पोट्ट्यांचे धंदे."

आणि खट्.

एक खटका वर गेला होता. भाऊ डावीकडून लागले होते, माझ्यासारखेच. मला ओरडायचं होतं. तोंड उघडलं, आवाज निघाला नाही. उंबऱ्यापासून भाविकापर्यंत सहा पावलं असतील. जाऊ की नको? माझं अंग जागच्या जागी लाकूड झालं. खट्. दुसरा. मग मात्र मी उतरले. पाणी गार होतं, तेवढंच कळलं. पोरीला बगलेत उचललं. तिला वाटलं खेळ आहे, ती खिदळायला लागली. खट्. तिसरा. खालच्या घरात पंखा सुरू झाल्याचा आवाज आला. माझी साडी ओली होऊन पायांना गुंडाळली. एक पाऊल, दुसरं, आणि मी डोळे मिटून घेतले. आता येईल, आता येईल.

खट् आलं नाही. त्याऐवजी खाली मोटारसायकल पडल्याचा आवाज आला आणि पितांबर ओरडला. तो माणूस कधी आवाज चढवून बोललेला नाही. पण त्या दिवशी तीन मजले हलले.

"भाऊ, हात काढा! हात काढा म्हणतो ना!"

"अरे भित्र्या, सोड! मनगट मोडशील!"

"मोडू द्या! वर पोरगी शे पाणीमा!"

तोवर मी उंबरा ओलांडला होता. मी पुढच्या खोलीत कोरड्या फरशीवर बसले होते, भाविका मांडीत, आणि माझे दात वाजत होते. वैशाखात. खालून किटकॅट उपसल्याचे आवाज आले. एक नाही, सहाही. मग पितांबर वर आला, आमच्या दोघींकडं पाहिलं आणि दाराला टेकून खाली बसला. त्याचा खिसा फाटेपर्यंत भरलेला होता. मी त्याला पाणी दिलं, त्यातलं अर्धं वाटेतच सांडलं.

आमचा खटका डावीकडून चौथा होता. ते मला संध्याकाळी कळलं. त्या रात्री मी जेवले नाही.

मोटार थांबली तरी नळाचं पाणी आपल्या जोरानं येतच होतं. पितांबरनं मशीनमागची तोटी बंद केली, तेव्हा कुठं ते थांबलं. गिरधरभाऊ वर आले, खोली पाहिली, आणि केरसुणीनं पाणी मोरीकडं ढकलायला लागले. पितांबरनं मशीन ओढलं आणि मागचा व्हॉल्व्ह काढला. मुठीएवढी वस्तू. त्याचं खरं नाव सोलेनॉइड व्हॉल्व्ह, पण आमच्याकडं सगळे नुसतं वॉल म्हणतात. मी म्हटलं, "मले दाखव. मशीन बंद होतं, मग पाणी कसं चालू?"

त्यानं तो उघडून फरशीवर मांडला. वर तांब्याच्या तारेचं रीळ. त्यात वीज आली की ते लोहचुंबक होतं आणि आतली लोखंडी खुंटी वर ओढून घेतं. खुंटीच्या टोकाखाली सुई जाईल एवढं भोक, ते मोकळं होतं. त्याखाली रबराचा पडदा. एरवी पाणी त्या पडद्याच्या डोक्यावर बसून त्याला दाबून ठेवतं. भोक मोकळं झालं की डोक्यावरचं पाणी निसटतं, मग खालचं पाणी पडद्याला उचलून मशीनमध्ये शिरतं. वीज थांबली की स्प्रिंग खुंटीला खाली ढकलते, भोक बुजतं, पाणी पुन्हा पडद्याच्या डोक्यावर चढतं आणि पडदा मिटतो.

"म्हणजे वीज नुसती कडी काढते," मी म्हटलं, "दार उघडते पाणी, अन् लावतेही पाणीच?"

"हां आक्का. पण डोक्यावर चढाले पाणीले वाट लागते. ही पाहा." पडद्याच्या कडेला आणखी एक बारीक छिद्र होतं. त्यात रेतीचा दाणा बसला होता. खसखशीएवढा असेल. "वाट बुजली. पाणी वर चढलं नाही, पडदा मिटला नाही. आता खटका पाडा, मशीन बंद करा, काही करा. दार उघडंच."

त्यानं सुईनं दाणा काढून माझ्या तळहातावर ठेवला. मला तो दिसेना. चष्मा लावला तेव्हा दिसला.

"जाळी असती त हा आत आला नसता," मी म्हटलं.

तो उठला आणि खिडकीत पडलेली जाळी ब्रशनं घासायला लागला. नाही म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.

ज्योत्स्ना दुपारी आली. तिला सगळं सांगितलं. मी म्हटलं, "जाळी मी काढाले लावली." पितांबर म्हणाला, "हात मना होता, वहिनी. मी नाही म्हणायले पाहिजे होतं." आमची दोघांची तिथं गुन्ह्यावरून ओढाताण सुरू झाली. ज्योत्स्नानं भाविकाच्या पायाचे तळवे उलटेपालटे करून पाहिले, मग आमच्याकडं पाहिलं. मी बोलणी खायला तयार होते. तिनं एवढंच विचारलं, "अजून कोणाकडं काढल्यात?"

मी बोटांवर घरं मोजायला लागले.

त्याच दुपारपासून आम्ही घरोघर निघालो. पितांबर एकटा गेला असता तर लोकांनी त्याला हसून परत पाठवला असता, म्हणून मी सोबत. काही जणी लगेच ऐकत. काही म्हणत, "राहू द्या आक्का, आमचं तर बरं चाललंय." मग मी चप्पल काढून आत बसायची आणि मधल्या खोलीपासून सुरू करायची. अंगठ्याच्या झिणझिण्यांपर्यंत आले की बाई स्वतःच उठून मशीन ओढायला लागे. भागाबाईंनी दोन दिवस दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी नळ होता. मी सकाळी सातलाच त्यांच्या पायरीवर जाऊन बसले, म्हटलं, मशीन लावायच्या आधी मला ओलांडून जा. नळ यायच्या आत त्यांची जाळी बसली. चार दिवसांत दहा घरं झाली.

अकरावं घर दिपमालाचं. तिचा नवरा नवल होळीनंतर सुरतला कापडाच्या मिलमध्ये लागला. दोघं तिकडं गेले, आणि मशीन टेम्पोत घालून घेऊन गेले. तिला लहान मुलगा. जुना नंबर बंद. घरमालकाला विचारलं, किराणावाल्याला विचारलं. मला रोज सकाळी उठलं की आधी तेच आठवायचं. इथं निदान नळ तिसऱ्या दिवशी येतो. तिकडं म्हणे रोज येतो. म्हणजे रोज मशीन, रोज ती बारीक वाट बुजायची भीती. पितांबरनं एरंडोलच्या आपल्या मेव्हण्याला कामाला लावलं, त्यानं सुरतच्या गाडीनं जाणाऱ्या दोघांना सांगितलं, आणि सहाव्या दिवशी कागदाच्या चिटोऱ्यावर दिपमालाचा नवा नंबर आला.

पितांबरनं तो दाबला, फोन मोठ्यानं बोलता केला आणि माझ्या हातात दिला. बराच वेळ वाजला. मी मनात मोजत होते.

"हॅलो?" दिपमालाचाच आवाज. मागं काहीतरी घरघरत होतं, आणि पाण्याची धार.

"दिपमाला, मी कुंदाआक्का बोलते, जळगावहून."

"अय्या, आक्का! कशा आहात? थांबा हं, मशीन लावलंय, आवाजात ऐकू येत नाही, मी पुढं जाते—"

"पुढं नको जाऊ!" मी आणि पितांबर एकदमच ओरडलो.

ती दचकली. "काय झालं?"

"मुलगा कुठं आहे?"

"माझ्या कडेवर. का?"

"फरशी कोरडी आहे का, आधी पाहा."

"कोरडी आहे, आक्का. झालं काय?"

पितांबर वाकून फोनजवळ आला. "बाई, मशीनमांगे तोटी शे. ती बंद करा. आत्ता. मग बोला."

फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज आला. पावलं गेली. घरघर चालूच होती. पितांबरनं माझा दंड धरला होता, ते मला नंतर जाणवलं. आम्ही दोघं त्या फोनकडं पाहत बसलो. धार बारीक झाली. मग थांबली.

"केली बंद," ती म्हणाली. "आता सांगा."

"बस बाई, कोरड्यात बस," मी म्हटलं. "चूक माझी आहे, तिथून सांगते."